आधी काय विचारलंस

रहाटणी, १२ नोव्हेंबर २०२४

दादा,

'तीर्थस्वरूप' लिहिलं होतं, खोडलं. एवढं तीर्थ आपल्यात उरलेलं नाही. नुसतं दादा चालेल, म्हणजे तुला चालत असेल तर.

फोनवर तू मला ब्लॉक केलंयस आणि शेजारच्या प्रभावतीकाकूंच्या फोनवर आईशी बोलतोस तेव्हा 'जयाला देऊ नका' असं आधीच बजावतोस, म्हणून हे कागद-पेन. तुझ्या नव्या वर्कशॉपचा पत्ता नेटवर मिळाला. राजगुरुनगरच्या कुठल्याशा बंगल्याच्या ग्रिलचे फोटो टाकलेत तू, ते चांगलेत. घाबरू नकोस, चिखलीच्या घराच्या वाटणीचं काही काढत नाहीये. आईला बरं आहे. माझ्या कामात एक अडचण आलीय आणि ती तुला सांगावीशी वाटली, एवढंच.

मी काय करते ते तुला कधी नीट कळलं नाही आणि मीही कधी धड सांगितलं नाही. आबा गावात सांगायचे, 'आमची जयमाला कॉम्प्युटरला मराठी शिकिवती.' तेवढं धरून चाल. चाकणला एक प्रेसशॉप आहे, प्रेसखाली पत्रा दाबून गाड्यांचे पार्ट काढतात. तिथं आमच्या कंपनीनं एक यंत्रणा बसवलीय. शिफ्ट सुटली की माणूस गेटवर टॅबसमोर थांबतो. टॅब दोन प्रश्न विचारतो, माणूस तोंडानं उत्तर देतो, मराठी, हिंदी, जे येईल ते. त्या बोलण्यातून कुठल्या मशीनकडे आधी बघायला हवं ते काढून द्यायचं, हे माझं काम.

सोपं वाटतंय ना? बसून बघ एकदा. आपल्या पट्ट्यातला माणूस सगळ्याला 'चाललंय' म्हणतो. मशीन झकास असलं तरी चाललंय, बोट जाता जाता वाचलं तरी चाललंय. बाकीचे लोक एकेका शब्दाला आकड्यांचा एकेक बाण करतात, एक शब्द म्हणजे एक दिशा. आम्ही शब्दाचा चौकोनी तक्ता करतो. त्यात त्या शब्दाचे सगळे कल एकाच वेळी राहतात, कुठला जास्त, कुठला कमी, तेही राहतं. वाक्यातले पुढचे शब्द येतात तसा तक्ता वळत जातो, आणि कुणी प्रश्न विचारला की मग कुठंतरी टेकतो. हे गणित मुळात अणूच्या आतल्या कारभारासाठी केलेलं. क्वांटम म्हणतात ते. आम्ही फक्त गणित उसनं आणलंय, आमच्या टॅबमध्ये अणू-बिणू काही शोधू नकोस.

अडचण अशी की कारखान्याला दोन गेट आहेत. पहिल्या गेटवर टॅब आधी विचारतो, 'आज काम नीट झालं का?' आणि मग, 'कुठं धोका वाटला का?' दुसऱ्या गेटवर बसवणाऱ्यानं प्रश्न उलटे टाकले. आधी धोका, मग काम. कुणाच्या लक्षातच आलं नाही. बस ज्या गेटला लागेल तिथून लोक सुटतात, म्हणजे माणसं तीच, मशीनंही तीच, आणि उत्तरं निराळी. पहिल्या गेटवर काम नीट झालं, धोका काही नाही. दुसऱ्या गेटवर त्याच लोकांना प्रेसचा सेन्सर दगा देतोय असं वाटतं, हात आत असताना प्रेस खाली येईल अशी भीती वाटते, आणि काम? कसलं डोंबलाचं काम.

कारखान्याच्या मॅडम म्हणतात, ही माणसं दोन तोंडांनी बोलतात.

हे बोलणं आपल्यात आधी कुठं झालंय ते तुला माहीत आहे. म्हणून तुला लिहिलं.

जयमाला


रहाटणी, २५ नोव्हेंबर

दादा,

उत्तर नाही. पण पत्र परतही आलं नाही, म्हणजे घेतलंस. तुझं असंच असतं, घ्यायचं आणि गप्प बसायचं.

आज नवनाथचं सांगते. हा त्या कारखान्यात प्रेस चालवतो. मूळचा बीडकडचा, राहतो आपल्याच चिखलीत, आपल्या घरामागच्या पत्र्याच्या खोल्यांमध्ये. एके दिवशी पहिल्या गेटवर म्हणाला, प्रेस ओके. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या गेटवर म्हणाला, या प्रेसचा भरवसा नाही. करिष्मा मॅडमनी त्याला केबिनमध्ये बोलावलं. मागच्या पत्रातल्या मॅडम त्या ह्याच, माझ्यापेक्षा बऱ्याच लहान, हुशार, कायम घाईत. मीही तिथं होते. त्यांनी दोन्ही रेकॉर्डिंग त्याला ऐकवली आणि विचारलं, 'यातलं खरं कुठलं? एकच सांग.'

त्यानं मान खाली घातली. 'आता काय सांगावं मॅडम.'

'अरे, खरं काय ते सांग ना. सोपं आहे.'

त्यानं टोपी काढून हातात घेतली. मग म्हणाला, 'तुम्ही म्हणाल तसं.'

दादा, हे वाक्य मी रोज घरी ऐकते.

मागच्या पत्रात 'आईला बरं आहे' असं लिहिलं होतं. बरं म्हणजे बीपी, शुगर. तू फोनवर बोलतोस, ती 'व्हय, व्हय' करते, तुला वाटतं बोलली. तू तिला काही विचारत नाहीस म्हणून तुला कळलेलं नाही. आबांच्या दहाव्यापासून, दोन वर्षं झाली, आईनं एकाही प्रश्नाचं उत्तर दिलेलं नाही. चहा टाकू का? 'तुमी म्हणाल तसं.' भात लावू की भाकरी करू? 'तुमी म्हणाल तसं.' समोर मी एकटी असते, तरी 'तुमी'. मागच्या थंडीत मला राग आला आणि मी पंखा लावून ठेवला, म्हटलं आता तरी बंद कर म्हणेल. शालीत मुटकुळं करून बसली, पण बोलली नाही. शेवटी मीच उठून बंद केला आणि मोरीत जाऊन रडले. डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, 'काय आजी, झोप लागते का?' 'तुमी म्हणाल तसं.' डॉक्टर हसले. मला काही हसू आलं नाही.

आपल्या आईला तू ओळखतोस. पाहुण्याच्या घरी जाऊन 'आमटीत मीठ न्हाई' म्हणून सांगणारी बाई होती ती. आबा म्हणायचे, रुक्मिणीला काही विचारू नका, खरं बोलंल.

नवनाथही त्या दिवसापासून दोन्ही गेटवर एकच बोलतो, 'ओके.' प्रेस तीच आहे आणि सेन्सरही तोच आहे. त्याच्या ओळीतले बाकीचेही आता ओकेच म्हणायला लागलेत, कारण केबिनमध्ये कुणाला जायचंय? उद्या त्या प्रेसखाली कुणाचा हात गेला तर माझ्या यंत्रणेत त्याच्या आदल्या दिवशीही ओकेच लिहिलेलं असणार.

मी दमलेय रे. कामानं नाही दमले. घरी आणि दारी दोन्हीकडे माणसं माझ्यादेखत गप्प होतायत आणि मी त्यांचे तक्ते मांडत बसलेय, त्यानं दमलेय.

जयमाला


रहाटणी, ६ डिसेंबर

दादा,

कामाचं निमित्त पुरे झालं. सरळच लिहिते.

दवाखान्यातल्या त्या दिवसाबद्दल आपण दोघं नुसते ओरडलोय. काय झालं ते एकमेकांना शांतपणे कधी सांगितलंच नाही. माझ्या बाजूचं सांगते, तुझं तू ठरव.

डॉक्टर सकाळी मला म्हणाले, मेंदूत रक्तस्राव झालाय, ऑपरेशन केलं तर जीव वाचू शकेल, पण बोलतील का, ओळखतील का, सांगता येत नाही. घरच्यांनी लवकर ठरवा. आई बाहेर बाकावर बसली होती. आबांच्या चपला तिनं पिशवीत घालून मांडीवर घेतल्या होत्या. मी तिच्यासमोर उकिडवी बसले आणि विचारलं, 'आई, ऑपरेशन करायचं का?' ती लगेच म्हणाली, 'कर बाई.' मग मला वाटलं, आबांचं वय झालंय, म्हणून विचारलं, 'सोसवेल का गं त्यांना?' ती म्हणाली, 'सोसत्याल. त्यांनी काय कमी सोसलंय?'

मी डॉक्टरांना हो सांगितलं आणि रक्ताची सोय बघायला गेले. परत आले तर खाट रिकामी. तू शिफ्टवरून येऊन, सही करून, आबांना चिखलीला घरी नेलं होतंस. दोन दिवसांनी आबा त्यांच्या पलंगावर गेले. तू म्हणालास, आईनंच घरी न्यायला सांगितलं. सगळे पाहुणे जमलेले असताना मी म्हणाले, आई असं सांगणं शक्यच नाही, दादाला दवाखान्याची दगदग नको होती म्हणून त्यानं आईच्या तोंडी घातलं. तू म्हणालास, मीच खोटी. आई उंबऱ्यात उभी राहून आपल्या दोघांकडे बघत होती.

आणि मग दहावा. इंद्रायणीचा घाट, मंडप, प्रवचन, माइकवर एकामागून एक पुढाऱ्यांच्या श्रद्धांजल्या. आबांना कधी बघितलं नव्हतं असे लोक आबांचे गुण सांगत होते. पिंड मांडले आणि कावळा काही शिवेना. झाडावर बसलेले होते, खाली येत नव्हते. नानासाहेबकाका पुढं होऊन म्हणाले, 'काय राह्यलं आसंल तर बोला रं पोरांनो.' तुझ्या नोकरीचं झालं, माझ्या लग्नाचं झालं, घराचं झालं. कावळा जागचा हलेना. तेव्हा तू सगळ्यांसमोर म्हणालास, 'आये, आता तरी खरं सांग. दवाखान्यात तू काय म्हणालीस? का दोन तोंडांनी बोललीस?'

मीही हेच विचारायला तोंड उघडलं होतं. तू आधी विचारलंस, एवढाच फरक. आईनं पदर तोंडात धरला. शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला आणि लोक जेवायला बसले. आईचं बोलणं तिथंच, त्या घाटावर थांबलं.

आता एक जुनी गोष्ट. मी कॉलेजात असताना सुट्टीत तू कामाला होतास त्या कुदळवाडीच्या शेडात यायचे, आठवतं? एकदा लोखंडी पट्टीला मी आधी भोक पाडलं आणि मग ती वाकवली. भोक लांबट होऊन सरकलं. तू पट्टी हातात घेऊन म्हणालास, 'आधी वाकव, मंग भोक पाड. उलटं केलं की माप गेलं.' पट्टी तीच होती, भोक पाडणं आणि वाकवणं तेच होतं. नुसता क्रम बदलला तर वस्तू दुसरीच तयार झाली.

आमच्या गणितात प्रश्नाचंही असंच धरतात. प्रश्न म्हणजे डबा उघडून आत काय आहे ते बघणं, असं सगळ्यांना वाटतं. पण माणसाच्या मनात उत्तर तयार ठेवलेलं नसतंच कित्येकदा. कल असतात, थोडे इकडचे, थोडे तिकडचे, आमच्या शब्दांच्या तक्त्यात असतात तसे. पहिला प्रश्न विचारला की माणूस वाकतो. दुसरा प्रश्न त्या वाकलेल्या माणसाला विचारला जातो. काम नीट झालं म्हणून बसलेला माणूस पुढं धोका कशाला सांगेल? आणि धोका आठवून अंगावर शहारा आलेला माणूस काम नीट झालं कसं म्हणेल?

मला तुझ्याकडून एकच हवंय. ना माफी हवी, ना कसला कागद. तू शिफ्टवरून आलास, आई बाकावर बसलेली होती. तू तिला आधी काय विचारलंस?

जयमाला


रहाटणी, २० डिसेंबर

दादा,

तुझा फोन आला तेव्हा मी चाकणच्या बसमध्ये होते. अनोळखी नंबर, म्हटलं कुणीतरी कर्ज घ्या म्हणणार. तू म्हणालास, 'आधी सोसंल का त्यांना, ह्ये इचारलं. ती म्हणली, न्हाई सोसायचं आता. मंग ऑपरेशनचं इचारलं. ती म्हणली, नगं, घरी चल.' आणि ठेवलास. 'कशी आहेस' नाही, काही नाही. असो. तुझ्या मानानं पुष्कळ बोललास.

मी उतरायच्या स्टॉपच्या पुढं गेले. तिथून परत यायला रिक्षा मिळेना, धूळ आणि कंटेनर, आणि मी फुटपाथवर उभी राहून तुझी दोन वाक्यं आणि माझी दोन वाक्यं घोकत होते. तेच दोन प्रश्न, दादा. शब्दसुद्धा तेच. मी आधी ऑपरेशन विचारलं, तिला आबा जिवंत दिसले आणि आबा जिवंत असले तर ते काहीही सोसू शकतात. तू आधी सोसण्याचं विचारलंस, तिला आबांचे हाल दिसले आणि हाल दिसल्यावर कोण ऑपरेशन करा म्हणेल? सकाळी तिनं मला मनापासून सांगितलं. दुपारी तुला मनापासून सांगितलं. खोटं कुणीच बोललं नव्हतं.

एवढ्यावरून मी नाचत नाहीये, हे लक्षात घे. गेटवरच्या माणसांसाठी या गणितात एक पडताळा आहे. क्रम उलटला की उत्तरं बदलतात, पण काही लोक अधलेमधले असतात, काम नीट झालं म्हणतात आणि धोकाही सांगतात, किंवा दोन्हीला नाही म्हणतात. अशांचं प्रमाण दोन्ही क्रमांत जवळपास सारखं यायला हवं. ते आमच्या दोन्ही गेटांवर तसं आलं. आईला हा पडताळा लागू होत नाही. एक बाई, एक बाक, एक दिवस, तिचं काय प्रमाण काढणार? आणि आबांना कुठं न्यायला हवं होतं, ते वाचले असते का, हेही हे गणित सांगत नाही. मी त्याला सगळ्या बाजूंनी विचारून पाहिलंय, तुझ्यापासून कशाला लपवू.

कारखान्यात मी हे सगळं करिष्मा मॅडमपुढं मांडलं. त्या म्हणाल्या, 'म्हणजे दोन्ही खरं धरायचं? मग मी रिपोर्टमध्ये काय लिहू?' मी म्हटलं, रिपोर्ट नंतर लिहा, आधी प्रेस उघडा. उघडली. सेन्सरची वायर सैल निघाली, हादऱ्यानं कधी लागायची, कधी सुटायची. काही दिवशी प्रेस खरोखर ओके होती आणि काही दिवशी खरोखर भरवशाची नव्हती. मॅडमनी लगेच दुरुस्त करून घेतली, वाईट बाई नाही ती. टॅबवरचे प्रश्नही आता आलटूनपालटून येतात.

पण नवनाथ ओकेच म्हणत राहिला. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. म्हणून मी त्याच्या जेवणाच्या सुट्टीत कँटीनमध्ये गेले आणि काहीही न विचारता सांगितलं, 'नवनाथभाऊ, तुमची दोन्ही बोलणी बरोबर होती. दोन्ही धरून प्रेस उघडली, वायर सैल निघाली.' तो चपाती मोडायचा थांबला. 'बरं झालं मॅडम,' म्हणाला, बस. पण त्या आठवड्यात गेटवर तो इतका बोलला की मागची रांग ओरडायला लागली. तेलाचं बोलला, लाइटचं बोलला, कँटीनच्या डाळीचंही बोलला.

तेव्हा माझ्या डोक्यात आलं ते सांगते. आईला आपण विचारून गप्प केलंय. आणखी विचारून ती बोलायची नाही. मी सांगून बघितलं, नाही असं नाही. परवा तिच्याशेजारी बसून म्हणाले, 'आई, तू दादाला सांगितलंस तेही खरं होतं.' तिनं माझ्याकडं पाहिलं आणि दाराकडं पाहिलं. दारात कोण येणार होतं तुझ्याशिवाय?

मी तुझी माफी मागत नाहीये. तूही मागू नकोस, आपल्याला ते जमत नाही, उगाच परत भांडण व्हायचं. तू फक्त ये. आणि कृपा कर, आल्यावर तिला काही विचारू नकोस. 'कशी हायेस' सुद्धा नको. सांग. जे घाटावर शंभर माणसांत विचारलंस, ते माझ्या दोन खोल्यांत सांगितलंस तरी चालेल.

मी भाजी आणायच्या निमित्तानं खाली जाईन, तुला माझं तोंड बघायचं नसेल तर.

जयमाला


रहाटणी, १४ जानेवारी २०२५

दादा,

आज संक्रांत. गोड बोलायचा दिवस, तेव्हा जरा जपून लिहिते.

परवा रविवारी तू आलास. मी भाजीला गेले नाही, बघितलंस. ओट्याशी उभी राहून सगळं ऐकलं. तू खुर्ची असून खाली फरशीवर बसलास, किती तरी वेळ पिशवीचे बंद गुंडाळत राहिलास. मग म्हणालास, 'आये, मला सांगितलं ते बी खरं हुतं. जयीला सांगितलं ते बी खरं हुतं. आमी दोघांनी येड्यावानी केलं.' छान बोललास. मला बोलता आलं नसतं.

आई उठली आणि आत जाऊन पडून राहिली. तू चहाही न घेता निघालास. चपला घालताना तुझं तोंड मी बघितलं. तुला वाटलं, फुकट गेलं. मलाही तसंच वाटलं, म्हणून तर तुला थांबवलं नाही. त्याच्यापुढचं तुला माहीत नाही, ते सांगायला हे पत्र.

काल भोगी. सकाळी मी भोगीची भाजी करायला घेतली होती आणि सवयीनं विचारून बसले, 'आई, तीळ किती घालू?' उत्तर काय येणार ते माहीत असल्यानं मी तिच्याकडं बघतही नव्हते.

'मूठभर घाल,' आई म्हणाली. 'मागल्या साली कमी पडलं हुतं. आन् त्याच्या आदल्या साली बी.'

दादा, दोन वर्षं त्या बाईला माझ्या भाजीबद्दल मत होतं. मी पातेल्यावर झाकण ठेवलं आणि झाकणच धरून उभी राहिले. हसत होते की रडत होते, कुणास ठाऊक. ती म्हणाली, 'करपंल ती.'

दिवसभर थोडं थोडं बोलली. पडदा मळलाय. प्रभावती फार नाक खुपसते. रोह्या, म्हणजे तू, वाळलाय, त्याची बायको त्याला नुसता भात घालत असणार. मी काही विचारलं नाही, नुसतं ऐकलं. संध्याकाळी तिच्या पायाला तेल लावत होते. ती खिडकीकडं बघत म्हणाली, 'तुमी दोघांनी बी त्येंचंच इचारलं. त्येंना सोसंल का, त्येंचं ऑपरेशन करायचं का. मला सोसंल का, ह्ये कुणी इचारलंच न्हाई.'

मी तेलाची वाटी खाली ठेवली. एवढे तक्ते मांडले मी, एवढे क्रम उलटेपालटे केले, तुझे दोन प्रश्न, माझे दोन प्रश्न. हा तिसरा आपल्या दोघांच्याही यादीत नव्हता. बाकावर बसलेली बाई आपल्याला आबांचं सांगणारी वाटली. तिचा नवरा चालला होता, तिच्या मांडीवर त्याच्या चपला होत्या, आणि आपण तिला त्याच्याबद्दल विचारत होतो. ह्याचं मला फार वाईट वाटलं, दादा. अजून वाटतंय.

हात पुसले, तिच्यासमोर बसले, त्या दिवशी बसले होते तशीच. म्हटलं, 'आई, तुला सोसलं का गं?'

तिनं तेलाचे पाय जवळ घेतले. मला वाटलं, आता येणार ते जुनं वाक्य. पण ती म्हणाली, 'तुला एकटीला न्हाई सांगायची. परत म्हनाल, हिला येक सांगितलं, त्याला येक. रोह्याला बोलीव. दोघं म्होरं बसा, मग सांगते.'

तेव्हा रविवारी ये. तिला हुलगे हवेत, शेंगोळे करणार आहे. मी इथल्या दुकानातून आणू म्हटलं तर म्हणाली, 'तुला न्हाई कळत, त्याला कळतं.' चहा न घेता जायचं नाही, हेही तिनंच सांगितलंय.

आणि आधी कुणी विचारायचं यावरून जिन्यात भांडू नकोस. समोर बसून दोघांनी एकदमच विचारू.

जया